पावती क्रमांक एकशे चौदा

मी चोपड्याला फवारणीचे पंप दुरुस्त करतो.
वॉशर, नोझल, पितळी नळ्या.
गळतं कुठून, ते बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर.
हे अशासाठी सांगतो, की
बंदूकवाला म्हणून मला गावात कोणी ओळखत नाही.

बंदूक आहे. वडिलांची. एकनळी, बाराबोरी.
अनेरच्या काठी केळीत डुकरं शिरायची,
ते माचाणावरून एक बार हवेत काढायचे
आणि डुकरं पुढच्या माणसाच्या केळीत जायची.

ते वारले. परवाना माझ्या नावावर करायचा होता.
अर्ज तीनदा परत आला.
एकदा फोटो फिकट, एकदा शिक्का तिरपा,
तिसऱ्यांदा साहेबच नव्हते.
कुणीतरी म्हणालं, संघाला भेट.
परवानाधारक संघ, वर्षाला तीनशे.
धुडकू आप्पांनी एका दुपारीत काम करून दिलं,
वर चहा पाजला.
पावतीची घडी करून खिशात ठेवली.
झालो सभासद. एवढंच.

मग दरवर्षी एक कॅलेंडर,
दसऱ्याला शस्त्रपूजा आणि भरीत-पुरी.
भरीत खरंच चांगलं असायचं,
कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं.
भाषणं चालू असताना मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.
अशाच एका भाषणात तो नियम आला:
वरातीत बार काढला तर परवाना कायमचा रद्द.
आप्पा म्हणाले, आज वरातीत हात घालतील,
उद्या शेतात, परवा घरात.
टाळ्या वाजल्या. माझे हात तेलकट होते,
तरी वाजवल्या असाव्यात.

निवेदन गेलं. चारशे बारा सभासदांच्या वतीने.
नियम कुठल्याशा टेबलावर झोपला.

वैशाखात, तापीपलीकडच्या एका हळदीत
बँडमागून जनरेटरची गाडी ढकलत होता
युवराज. वय सतरा.
नाव राजपुत्राचं, रोज दोनशे.
सगळा उजेड त्याच्या गाडीतून निघायचा, तो मात्र अंधारात.
बार त्याच्या बाजूला वळला.
सांगतात, जनरेटर नंतर कितीतरी वेळ चालूच होता.
तो बंद कसा करायचा, ते त्यालाच माहीत होतं.

बंदूक आमच्या सभासदाची नव्हती.
संघानं दुसऱ्याच दिवशी तसं पत्रक काढलं.
मी ते दोनदा वाचलं.
मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

युवराजचा बाप मजुरीनं फवारणीला जातो.
पंप माझ्याकडेच येतो त्याचा.
वॉशर बदलेपर्यंत तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला.
मग म्हणाला,
भाऊ, तुनं नाव बी शे का त्यामा?
मी म्हणालो, मी आपला परवान्यापुरता...
नही, सहज इचारं, म्हणाला.
मी पैसे घेतले नाहीत.
त्यानं ते मोजून स्टुलावर ठेवले.

केळीचा घड काट्यावर चढतो
तेव्हा एकेक केळं म्हणत असेल,
वजन फणीचं, दांड्याचं. माझं कुठलं?
दांड्याचं तरी व्यापारी कापून घेतो.
माझं कोण कापणार?
चारशे बारातून मी निघालो तर चारशे अकरा,
साहेबाला फरकही कळला नसता.
हाच हिशोब बाकीच्या चारशे अकरांनीही
आपापल्या दुकानात, ओट्यावर, बांधावर
केला असेल.

आप्पांकडे गेलो.
म्हटलं, वहीतलं नाव राहू द्या,
निवेदनातलं तेवढं काढता येईल का?
ते हसले. वाईट नाही, घरच्यासारखे.
अरे, यादी एकच असते.
भरताला तीच, मोर्चाला तीच.

परवान्याचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आहे.
डुकरं येतातच, तेही काही खोटं नाही.
पावतीपुस्तक उघडं होतं.
आप्पांनी पेन पुढे केलं.
पेन गळत होतं.
बोटाला आधी कळलं.