बोलता आलं पाहिजे

क्लाक्सविकच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी
आम्ही पाचजण चालतो आणि कुठेच पोचत नाही.

माझा डावा हात सायकलच्या मुठीला बांधलेला.
एकतीस वर्षं ह्या हातानं थंडगार कॉड धरला
आणि उजव्यानं चिरला.
आता त्याला साधी मूठ धरायची
तर चिकटपट्टी लागते.

शेजारच्या ट्रेडमिलवर हिल्मार,
बोटीवरचा आचारी.
छातीला पट्टे, छताला आकडा,
दुरुस्तीला काढलेल्या इंजिनासारखा टांगलेला.
उजवा पाय मागून येतो,
हट्टी मेंढी दोरीनं ओढत आणावी तसा.

सुन्नवा पंचविशीचीसुद्धा नसेल.
तिनं भिंतीवर तक्ता लावलाय, सहापासून वीसपर्यंत.
सहापासूनच का, विचारायचं राहून गेलं.
"तेरावर राहा," म्हणते. "थोडं जड. तेवढंच.
दम लागू दे, जीव घाबरा व्हायला नको.
आणि खूण सोपी आहे:
बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये.
गाता येत असेल तर तुम्ही आळस करताय."

मला काय, माझी जीभ शाबूत.
पॅडल मारत मी बहिणीच्या जावयाला
पार धुऊन वाळत घालते.

हिल्मारकडे फेब्रुवारीपासून एकच शब्द उरलाय.
भूक लागली: उद्या.
खांदा दुखतो: उद्या.
कोपनहेगनहून मुलगी आली, तिचा चेहरा हातात धरून
उद्या, उद्या, उद्या.

"हिल्मार, किती जड वाटतंय? आकडा सांगा."
"उद्या."
सुन्नवा कागदावर काहीतरी लिहिते.
काय लिहीत असेल?

त्या शुक्रवारी तिनं पट्ट्याला जरा चढ दिला.
थप, थप, घस.
थप, थप, घस.
अकराव्या मिनिटाला माझ्या कानांना ते ओळखीचं वाटलं,
हातात हात गुंफून आम्ही गोल नाचायचो
तेव्हा लाकडी फळ्यांवर हेच वाजायचं:
डावीकडे दोन, एक परत.
ठरवून काही केलं नाही मी.
खडकावर विसरून आलेल्या पोराचं ते जुनं गाणं,
त्याची ओळ निघाली तोंडातून
आणि धाप लागून अर्ध्यात तुटली.

उरलेली अर्धी शेजारून आली.

पोराचं नाव आलं, बापाचं आलं,
वारा कुठून होता तेही आलं.
कडव्यामागून कडवं, एक शब्द गळला नाही,
नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटपतोय,
पडद्यावर एकशे अठरा,
आणि पाय, तो मेंढीसारखा पाय,
पुढच्या ओळीसाठी घाईनं येतोय.

बाकीच्यांची पॅडलं थांबली.
सुन्नवा तक्त्याकडे बघते, हिल्मारकडे बघते.
नियमानं माणूस आळस करतोय.
मला वाटलं, ही आता रडणार.
तिनं नाक पुसलं आणि म्हणाली,
"गाता येतंय? मग वेग वाढवते."

बाहेर वारा असा की दार दोघांनी मिळून ढकललं,
त्याचा एक हात, माझा एक.
बसथांब्यावर तो म्हणाला, "उद्या."
इतके महिने आम्ही सगळे नुसती मान हलवतो ह्या शब्दाला.
मी विचारलं, "किती वाजता?"

त्यानं डाव्या हाताची बोटं उघडली. चार.
चार वाजता म्हणाला,
की अंगठा मिटलेलाच राहिला, कोण जाणे.

उद्या शनिवार. तळमजला बंद.
कोट मी दाराजवळच्या खुर्चीवर काढून ठेवलाय.