पंधरावं घर

हॅलिफॅक्समध्ये, तेही पार टेकडीवर,
साडेदहाला हीटिंग बंद होतं
आणि मी मांडीवर रजई घेऊन
यंत्रापुढे बसते.

एकशेनव्वद पौंड, रोख.
सॉवरबी ब्रिजच्या अल्विन मिजलीनं
गाडीच्या डिकीतून काढून दिलं होतं,
टॉवेलात गुंडाळलेलं, नुकतंच न्हाऊ घातल्यासारखं.
म्हणाला, "एक बटण चिकटतं, लव्ह. बाकी ठणठणीत."
(लव्ह इथे सगळ्यांनाच म्हणतात, मलाही, पोस्टमनलाही.)
आणि मॅन्युअल?
"ते कुत्र्यानं खाल्लं."

सोळा बटणं, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल दिवा.
उजेड डावीकडून उजवीकडे पळतो
आणि टोकाला पोचला की मुकाट पुन्हा पहिल्यावर.
दाबलं तर त्या घरात सूर.
नाही दाबलं तर घर रिकामं.
एवढंच.
एवढंच कळायला मला तीन रात्री लागल्या,
कारण मी पेटीसारखी बोटं चालवत होते
आणि इथे पेरून ठेवून
हात मागे घ्यायचे असतात.
हात मागे घेणं मला कधी जमलेलं नाही.

दिवसा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये,
शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये थेंब सोडते.
तिथे चुकलेला थेंब म्हणजे
कुणाचं तरी मूत्रपिंड.
इथे चुकलेला सूर
पुढच्या फेरीला पुन्हा समोर उभा राहतो,
राहू की जाऊ? विचारतो.
मी पुष्कळांना राहू दिलं.

चौथ्या रात्री ड्रम मशीन जोडलं.
आणि बिनसलं.
पहिली फेरी बरोबर.
दुसऱ्या फेरीला माझा खर्ज ठेक्याच्या एक पाऊल आधी,
तिसरीला दोन,
जेवण वाढायच्या आतच
हात धुऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.
केबल बदलली. गती उतरवली.
माझ्या नवऱ्यानंही कधी ऐकल्या नाहीत
अशा दोन शिव्या मिरजेहून थेट आणल्या.
शेवटी तिथल्याच शेडबाळे मास्तरांनी शिकवलेलं केलं:
हेडफोन नीट बसवला, डोळे मिटले,
बोटावर अंगठा. तीन पेरं, एक टोक.
तीन पेरं, एक टोक.
धा धिं धिं धा करत
चौथ्या बोटाच्या टोकावर पोचले,
तर यंत्र कधीच एकवर.

डोळे उघडून पाहिलं.
सोळावा दिवा लागतच नव्हता.
चार रात्री समोर होता, मी पाहिला नव्हता.
चिकटणारं बटण तेच.
कधीतरी कंटाळून अल्विननं
शेवटचं पाऊल पंधरावर आणून ठेवलं असणार
आणि तसंच, पंधरात, वर्षानुवर्षं वाजवलं असणार.
एकटं असताना
एक घर कमी आहे हे कुणालाच कळत नाही.

फंक्शन धरून सोळावं दाबलं, अंगठ्यानं, जोर लावून.
बसलं. चिकटलं. नखानं उपसून काढलं.
सगळं जुळलं.
चार मिनिटं ऐकलं,
सगळं जुळलेलंच होतं,
पाचव्या मिनिटालाही.

मग पुन्हा पंधरा केले.

हिशोब कागदावर मांडला, ग्रोसरीच्या पावतीमागे:
पंधराच्या सोळा फेऱ्या, सोळाच्या पंधरा,
दोनशेचाळीस घरांनी दोघं पुन्हा एकत्र.
एकशेवीसच्या गतीला अर्धं मिनिट.
अर्धं मिनिट ते भांडतात, ओलांडून जातात,
एकमेकांच्या रिकाम्या घरांत डोकावतात,
आणि मग सम,
अशी येते की मान आपसूक हलते.
सात वेळा हलली. मोजल्या.

आठव्याच्या आधी दूध आठवलं.
हेडफोन टाकून स्वयंपाकघरात धावले,
गॅस बंद केला, उतू गेलेलं पुसलं,
परत येईतो
सम होऊन गेली होती.

हरकत नाही.
रजई ओढून घेतली.