पायाला फळ्या

माझ्या वर्गात सात जण.
सहा जणांचे दुधाचे दात अजून पडायचेत.
सातवी मी, नेव्हेन्का, वय वर्षं सत्तेचाळीस.
सगळ्यांना अस्वलाचं चित्र असलेली नारिंगी बंडी,
माझ्या मापाची नव्हती,
म्हणून गाश्पेरने ती माझ्या दंडाला बांधली.
गाश्पेर बावीस वर्षांचा. मला अहो म्हणावं की अगं,
यातच त्याची पहिली पंधरा मिनिटं गेली.

"नांगर धरा," तो म्हणाला, "टोकं जवळ, टाचा लांब."
मुलांनी नांगर धरला आणि गेली
सांडलेल्या वाटाण्यांसारखी उतारावरून.
मी नांगर धरला.
नांगराने मला धरलं.
दहा वाजायच्या आत बोहनी झाली.

रादोच्या घरात मुलं चालायच्या आधी घसरतात.
लग्नाच्या हिवाळ्यात त्याच्या आईने विचारलं होतं,
"म्हणजे? अजिबातच नाही?"
जणू मी म्हणाले होते की मला झोपता येत नाही.
त्यानंतर चौदा हिवाळे मी पिशव्या राखल्या.
वोगेलच्या डोंगरावर, उपाहारगृहाच्या गच्चीत, त्याच एका बाकावर:
जास्तीचे हातमोजे, टिंकाराचा इन्हेलर,
कुणाकुणाचे चष्मे.
ते यायचे लालबुंद, अंगातून वाफा निघत असलेले,
मी सोललेली संत्री उभ्याउभ्या खायचे, म्हणायचे,
वर मऊ आहे, खाली काच झालीय,
तिसऱ्या खांबापाशी जपून.
मी मान डोलवायची.
तिसरा खांब कुठला, कधी विचारलं नाही.

यंदा ल्युडमिलाच्या गुडघ्याची वाटी बदलली.
काठी टेकत ती माझ्या बाकापाशी आली,
म्हणाली, "सरक."
बराच वेळ आम्ही दोघी तळ्याकडे बघत बसलो.
मग म्हणाली, "पिशव्यांना दोघी कशाला?"

हा टोमणा होता की वर, अजून कळलेलं नाही.
पण उठले.

चौथ्यांदा पडले तेव्हा तोंडात बर्फ गेला.
खारट लागेल असं वाटलं होतं.
लागला नाही, आणि मी तशीच पडून राहिले
एवढं पांढरं आणि चव कशी नाही म्हणून.
आमचं पांढरं खाली, समुद्रापाशी.
मिठागरात उतरताना बाबा पायाला लाकडी फळ्या बांधायचे,
तळाची नाजूक साय मोडू नये म्हणून.
माझ्याही मापाच्या होत्या, ऑलिव्हच्या खोक्यातून कापलेल्या.
पूर्ण तळवा टेकव, ते ओरडायचे, घाई नको,
तू आलीस हे मिठाला कळता कामा नये.
नऊ वर्षांची असताना मी त्या फळ्या कालव्यात फेकल्या.
शाळेतल्या मुली हसल्या होत्या.

म्हणजे पायाला फळ्या बांधून
पांढऱ्यावर उभं राहणं मला येत होतं की.
फक्त ते सपाट होतं.

"पूर्ण तळवा," मी स्वतःला म्हणाले, मोठ्याने, बाबांच्या आवाजात.
गाश्पेरने वळून पाहिलं.
वीस पावलं गेले असेन, कदाचित तीस.
मग दोरीच्या कुंपणात.

विद नावाचा पाच वर्षांचा माणूस येऊन
माझ्यापाशी थांबला. नाक वाहत होतं.
"तुझी आई कुठे आहे?" त्याने विचारलं.
बाकीच्यांच्या आया खाली रांगेत उभ्या होत्या,
कुणी फोटो काढत, कुणी हात हलवत.
मी गच्चीकडे बोट दाखवलं.
"ती. पिशव्यांजवळची."
"ती हात हलवत नाहीये."
"नाही," मी म्हणाले, "ती तशीच आहे."

दुपारी वर गेले, बूट धोंड्यासारखे ओढत.
पिशव्या जागच्या जागी, हातमोजे मात्र सगळे एकत्र कालवलेले.
ल्युडमिलाने संत्रं पुढे केलं, अर्धवट सोललेलं,
नखांनी ओरबाडून रस गळत असलेलं.
माझ्या पाठीवरचा बर्फ तिने काठीने झटकला, जरा जोरातच.
"तिसऱ्या खांबापर्यंत गेलीस?"
"अजून नाही."
"जाशील तेव्हा," ती म्हणाली, "डावीकडून जा.
तिथे काच असते."