घर क्रमांक त्रेचाळीस

मे महिन्यात सगळ्या गावी गेल्या.
होस्टेलची मेस बंद, कॉटवर गुंडाळलेल्या गाद्या,
आणि सिंदेवाहीहून बाबांचा फोन:
"सुट्ट्या लागल्या तरी कायले थांबून राहिली तिथं?"
मी म्हटलं, संशोधन.
मग थोडा वेळ दोन्हीकडचे पंखेच ऐकू आले.

कशाचं, ते सांगायची लाज वाटली.
कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या मोजते
हे कसं सांगावं त्या माणसाला,
ज्यानं बस स्टँडवर अनोळखी लोकांना थांबवून सांगितलं होतं
की पोरगी नागपूरला सायन्सला आहे.

ढोमणे मॅडम आडनावानंच हाक मारतात.
"गेडाम, पांढरा ट्रे घे, ड्रॉपर, भिंग, वही.
पेनानंच लिहायचं. चुकलं तर एक रेघ,
पण रेघेखालचं वाचता आलं पाहिजे.
कूलर नसेल, तर पुढचं घर."

सकाळी आठपासून गोळीबार चौकामागच्या गल्ल्या.
दारं अर्धीच उघडतात.
"कार्पोरेशनच्या का तुम्ही?"
"नाही, कॉलेजच्या."
"मग फवारा कधी मारून राहिले?"

ओल्या वाळ्याचा वास, गंजका पत्रा,
आणि टॉर्चच्या उजेडात त्या:
श्वासासाठी वर येऊन उलट्या लटकलेल्या
स्वल्पविराम, स्वल्पविराम, स्वल्पविराम,
जणू कुणी वाक्य लिहायला घेतलं
आणि ऊन चढलं म्हणून उठून गेलं.
सावली पडली की बुडी मारतात.
म्हणून न हलता उभं राहायचं,
आपण तिथं नाहीच असं पाण्याला वाटेपर्यंत.
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर.
दुपट्ट्यातून फक्त डोळे बाहेर, तेही भाजत होते.
त्रेचाळीस नंबरच्या घराची कडी मी वाजवली नाही.
निंबाखाली उभी राहून लिहिलं: बारा.
दहा लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं.

संध्याकाळी मॅडमचं बोट बारावर थांबलं.
"टाकी लोखंडी की फायबरची?"
"लोखंडी."
त्यांनी वही मिटली.
"उद्या मी येते."

स्कूटीवर, छत्री घेऊन, खरंच आल्या.
दार उघडलं ते रात्रपाळी करून झोपलेल्या पौनीकरांनी,
खांद्यावर ओला पंचा.
एकच खोली. दारावर भिजवलेलं गोणपाट.
कूलर नव्हता.
ठेवायला खिडकीसुद्धा नव्हती.
त्यांनी आम्हाला स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं.
मी त्या पाण्यात माझ्या बारा शोधत राहिले.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
बाहेर येऊन त्यांनी छत्री उघडली,
वहीवर धरली, माझ्यावर धरली, स्वतः उन्हात.
"रेघ मार."
मारली. बारा खालून दिसत राहिले.
"आता लिही, कूलर नाही."
"पण मॅडम, आपल्या तक्त्यात तसा रकानाच नाही."

त्या गल्लीच्या टोकाकडे बघत राहिल्या.
"आतापर्यंत अशी किती घरं सोडली?"
"मोजली नाहीत."
"हं," त्या म्हणाल्या. "सोडायला मीच सांगितलं होतं."
आणि माझ्या पेनानं, पट्टी नसताना,
वहीच्या कडेला एक वाकडातिकडा रकाना ओढला.

आम्ही पहिल्या घरापासून परत सुरुवात केली.

स्टायपेंड अजून आलेला नाही.
तर्री-पोह्यांवर सकाळ निघते, रात्रीचं बघू.
काल बाबांना सगळं सांगितलं,
अळ्या, टाक्या, बारासुद्धा.
ते म्हणाले, "आपल्या घरी तर कूलर नाही."
"त्याचा रकाना आहे, बाबा."
"बरं," ते म्हणाले.
मग नेहमीसारखं, "जेवली का?"