सातवी ओळ

कोटेशनच्या सहा ओळी मला तोंडपाठ आहेत:
रचना, पानं, फोटो, मजकूर, मोबाइलवर दिसणं,
दोन दुरुस्त्या फुकट.
सातवीवर कर्सर लुकलुकत राहतो.
होस्टिंग.
पुढे रक्कम लिहू,
की लिहू ‘ग्राहकाने स्वतः पाहावे’?

घणसोलीत झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर
एक टेबल माझं, एक हेमांगीचं.
हिशेब तिच्याकडे.
ती म्हणते, डिझाइन एकदाच विकलं जातं,
भाडं दर महिन्याला येतं.
बावीस गिऱ्हाइकं गुणिले तीनशे,
माळ्याचं भाडं नाही तरी विजेचं बिल निघेल.
बरोबर आहे तिचं.
ती बरोबर असते तेव्हाच मला तिचा राग येतो.

एकदा ठेवली होती मी एक साइट, कोपरखैरण्याच्या क्लासची.
निकालाच्या दुपारी ती बसली.
कुकरच्या शिट्ट्या मोजत मी महापेला कुणाला तरी
तक्रारीचा नंबर वाचून दाखवत होते,
आणि दुसऱ्या फोनवर क्लासचे सर
मला माझी लायकी.
खरं सांगायचं तर सर्व्हर माझा नव्हताच.
मी पोटभाडेकरू.
छत गळलं की शिव्या मात्र घरमालकिणीच्या.

नंतर वाशीच्या डॉक्टर सबनिसांना सांगितलं,
तुमचं तुम्ही बघा, स्वस्तात मिळतं.
त्यांनी स्वस्तात बघितलं.
मुदत संपली, कुणालाच कळलं नाही,
आणि एका सोमवारी दातांच्या जागी
रमीची जाहिरात नाचू लागली.
त्यांनी फोन कुणाला केला असेल?
‘तुम्हीच बनवली होती ना?’

महापेची ती इमारत मी रिक्षातून पाहिली आहे.
खिडक्या नाहीत. डिझेलच्या टाक्या, गेटवर एक लठ्ठ कुत्रं,
आत म्हणे बारा महिने थंडी.
कुणाचा दवाखाना, कुणाचं लग्नाचं सभागृह,
कुणाची भिशी
कुठल्या मजल्यावर गारठून बसलीत,
कुणाला विचारायचं?

मग दिवाळ्याला गेले. हरेश्वर नाखवांचा बर्फाचा कारखाना,
त्यांना साइट हवी, नातवाचा हट्ट.
गोणपाटावर चप्पल घसरली,
अमोनियाचा वास थेट डोळ्यांत गेला,
मिठाच्या पाण्यात डबे बुडवलेले, रांगेत.
मी फोटो काढत होते.
त्यांनी विचारलं, ‘ह्या बनवशील, पन ठेवशील कुठं?’
मी म्हटलं, तेच ठरत नाहीये.
सगळं सांगितलं. सर, दात, रमी.
ते दम लागेपर्यंत हसले.

‘मासा पकरनारा येगला, पोरी, बरफवाला येगला.
मी कंदी होरीवर गेलू नाय.
पन बरफवाला झोपला,
तं दर्या फुकट गेला.’

मग उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली.
टोकं पांढरी, तीस वर्षांची बधिर.
पहाटे साडेतीनला फोन येतो, म्हणाले,
कॉम्प्रेसर बंद असला तर शिव्या,
चालू असला तर कुणी फोन करत नाही.
‘कुनी सांगत नाय, आज बरफ चांगला व्हता.’
हे बोलताना ते तक्रार करत नव्हते.
मला वाटलं, करायला हवी होती.

परतताना पिशवीत त्यांनी बर्फात घातलेले बोंबील दिले.
सीवूड्सपर्यंत पिशवी गळत राहिली,
शेजारची बाई पाय आवरून बसली.

रात्री कोटेशन उघडलं. नाव: नाखवा आइस.
सहा ओळी आपोआप आल्या.
सातवीत लिहिलं: वर्षाला तीन हजार सहाशे.
खाली बारीक अक्षरात:
‘रात्री दहानंतर फोन उचलला जाईलच असे नाही.’
खोडलं.
परत लिहिलं. खोडलं.
शेवटी नुसतं ‘अडचणीसाठी संपर्क’,
आणि पुढे हेमांगीचा नंबर.

सकाळी तिने वाचलं. काही बोलली नाही.
स्वल्पविराम दिला,
आणि माझा जोडला.