शुक्रवारची शिरगणती

तिसऱ्या खेपेला वैतीबाईंनी रजिस्टर काढून दिलं,
कापडी पाठीचं, कसर लागलेलं,
आणि म्हणाल्या, "सर, थुंकी लावून पानं उलटू नका."
मी काही सर नाही. कळव्याच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं प्रेशरचे काटे वाचले.
पण बोट ओलं न करता पान उलटायला
या वयात शिकलो.

घरपट्टी, अठराशे ब्याण्णव: "येलोजी अकुबजी, तेली."
देवी टोचल्याची वही, चार वर्षांनी: "यल्लोजी. शनवार तेली."
प्लेगच्या छावणीची यादी:
"एलू, यहुदी, सोबत बायको व बैल एक, तांबडा."

तीन कारकून, तीन कान.
झिराडकर असं कुणीच लिहिलेलं नाही.
गाव तो खाडीपलीकडेच ठेवून आला असेल,
किंवा कुणी विचारलंच नसेल
तेल मोजून घेताना.

दिमोनाहून ओरेन, बहिणीचा नातू, मला मेसेज करतो
अर्ध्या मराठीत, त्याच्या आजीच्या:
"जनगणनेत बघा ना, तिथे सगळी माणसं असतात."
वैतीबाईंना वाचून दाखवलं. हसल्या.
नावांचे कागद बेरीज होईपर्यंतच ठेवायचे म्हणे,
मग रद्दी.
उरलं ते छापील पुस्तक. ठाणे शहर, धर्मवार,
आमच्या ओळीत एक तीन आकडी संख्या.
त्यातला एक तो.
कितवा, ते आकडा सांगत नाही.
शेवटचा असावा, अशी माझी समजूत,
दार उशिरा उघडणारा.

कारण तारीख लिहिलीय: एक मार्च एकोणीसशे एक, रात्री.
घरी येऊन वार काढला.
शुक्रवार.

आता याला कागद नाही, पण मला दिसतं ते असं:
घाणा दुपारीच थांबलेला.
बैल सोडलेला, शनिवार त्यालाही असतो.
दिवा ऊन असतानाच लावलेला, स्वतःच्या तेलाचा,
आता सकाळपर्यंत वातीला कुणी हात लावणार नाही.
आणि खारकर आळीतले एक मास्तर
कंदील घेऊन उंबऱ्याशी:
"एलोजी, घरात माणसं किती?"

पावशेर, अच्छेर, शेर, सगळं मोजणारा माणूस
गप्प.
माणसं मोजत नाहीत, आमच्यात तरी.
मोजलं की कमी होतात.
सही आज नाही, मास्तर. लेखणीला आज हात नाही.

मास्तरांना अजून सत्तर घरं होती.
त्यांनी वाकून कंदील धरला, वहाणा मोजल्या,
दोनांनी भागलं, लिहिलं, गेले.

पोरं अनवाणी होती.
म्हणजे तो छापील आकडा चुकलाय,
दोनाने, फार तर तिनाने.
त्या चुकीतला एक माझा आजोबा.

परवा शुक्रवारी टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये
आम्ही नऊ जण.
दहावा माजिवड्याच्या पुलावर अडकलेला,
"आलोच," म्हणतोय सव्वा तास.
पंखा फिरतोय. दहाशिवाय सुरू होत नाही.
कुणी मोठ्याने मोजत नाही,
पण डोळे मोजतातच, एकेका टोपीवरून सरकत.
मी बाहेर जाऊन चपलांकडे बघून आलो.
कशाला, ते विचारू नका.

रात्री, शब्बाथ मोडून, ओरेनला लिहिलं: सापडला.
कुठे?
बेरजेत, म्हटलं.
त्याला ते समजलं नाही, पण बैल आवडला.
तांबडा? खरंच? आणि नाव काय होतं त्याचं?
मी म्हटलं, नाव नाही लिहिलेलं.

बायकोचं त्याने विचारलं नाही.
मीही, तीन खेपा घालून,
वैतीबाईंना विचारलं नव्हतं.