फुली

सारसोळेच्या मैदानात बावीस हंगाम मी वही मांडतोय.
तेच टेबल, एक पाय विटेवर.
चौकार निळ्या शाईनं, षटकार लाल,
निर्धाव चेंडूला टिंब.
अंपायर हात वर करतो तेव्हा मीही हात वर करतो,
म्हणजे लिहिलं.

देवदिवाळीपासून शिमग्यापर्यंत हिराजी भोईरचे चौसष्ट.
अठरा वर्षं कुणी त्यांच्या जवळ फिरकलं नाही.
मिठागरात फळी ओढून कमावलेले खांदे होते ते,
टेनिस बॉल बॅटवरून असा सुटायचा
की फिल्डर मान वर करायचेच नाहीत,
कमरेवर हात ठेवून उभे.

आणि हा केवल मढवी. घरात त्याला काडी म्हणायचे.
पावसाळा गेला, काडी परत आली ती
मान आणि डोकं एकाच मापाचं घेऊन.
हातात बॅट फूटपट्टीसारखी दिसायला लागली.
टी-शर्ट बदलताना पाठ दिसली, पिकलेल्या पुळ्यांनी भरलेली.
सगळ्यांनी पाहिली.
सगळे म्हणाले, जिम लावलीय.

त्याची आई यमुना एकदा टेबलाशी आली,
पदराखालून सुक्या बोंबलाचा डबा काढला.
आत बोंबील नव्हते, सुया होत्या,
आणि बोटाएवढ्या बाटल्या, तेलकट.
"तात्या, तुमी सगला लिवता ना,
मंग ह्या बी लिवा."
माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.
मी म्हटलं, वहिनी, ओव्हर चालू आहे.

पासष्टावा मी पाहिला.
जाळीवरून, दिव्याच्या खांबावरून,
पाम बीचच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांवरून
पलीकडे तिवरांत.
कॉमेंट्रीवाल्याचा आवाज बसला, डीजे सुरू झाला,
बुलेटची चावी माइकपुढे वाजवली गेली.
बॉल आणायला कुणी गेलं नाही, भरती होती.
मी लाल सहा काढला
आणि खाली दोन रेघा ओढल्या, ज्या मी कधी ओढत नाही.
खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं होतं.

मग वाशीच्या हॉटेलात मोठ्या लीगवाल्यांनी
त्याच्याकडून बाटलीत लघवी घेतली.
दोन वर्षं बंद.
आता तो मार्केटात टेम्पो चालवतो,
अंग उतरलंय, कातडी मात्र मापाला परत आली नाही.

गावदेवीच्या सभामंडपात कमिटी बसली.
प्रबोध वकील म्हणाले, नाव खोडू नका, वाईट दिसतं.
नावावर फक्त एक फुली काढा,
खाली बारीक अक्षरांत कारण टाका.
स्वतःचं पेन दिलं, सोनेरी टोपणाचं.

मी काढली फुली.
वही मिटणार होतो,
पण बोटं मागची पानं उलटत गेली,
अठरा वर्षं मागं, पिवळ्या पानांपर्यंत.
हिराजी, सेमीफायनल, एकोणपन्नासावा.
त्या रात्री बॉल दोरीच्या अलीकडे टेकला होता.
चिमूटभर धूळ उडाली होती,
माझ्या टेबलापासून चार हातांवर.
अंपायरनं माझ्याकडे पाहिलं.
दुपारी मी हिराजीकडे जेवलो होतो,
माझ्या मावसबहिणीचा नवरा तो,
आणि लोक आधीच नाचायला लागले होते.
मी हात वर केला.
माझ्याकडून कुणी बाटली भरून घेतली नाही.

तिथेही एक फुली काढली, लहान.
पेन वकिलांचंच.

वकील वाकून बघतात. ही कसली?
मी म्हटलं, धुळीची.
ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.
त्या सामन्याचं बक्षीस बोकड होता,
आणि रात्री तो
ह्याच मंडपामागे शिजला होता.